परवान्यावाचूनचे युद्ध : १८७० च्या परकीय सैन्यभरती कायद्याची चिकित्सा

१

फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातील युद्धाला १८७० च्या जुलै महिन्यात तोंड लागले. त्यानंतर महिनाही पुरा होण्यापूर्वी, ९ ऑगस्ट रोजी, ब्रिटिश पार्लमेंटचा 'फॉरिन एन्लिस्टमेंट अ‍ॅक्ट' संमत झाला. मराठीत त्यास 'परकीय सैन्यभरतीचा कायदा' असे म्हणता येईल. दीडशे वर्षे उलटून गेली तरी ब्रिटनमध्ये हा कायदा रद्द झालेला नाही. आणि एके काळी ब्रिटिश साम्राज्याचा भाग असलेल्या अनेक देशांच्या कायद्यांवर त्याची छाया पडलेली आहे. यास्तव नागरिकाने परक्यांच्या युद्धात लढावे की लढू नये, या प्रश्नाचा विचार करताना प्रथम या कायद्याच्या शब्दांकडे वळणे इष्ट ठरते.

कायद्याचे चौथे कलम त्याच्या मर्मस्थानी आहे. त्याचा आशय असा : ब्रिटनशी ज्याचे सख्य आहे अशा एखाद्या परकीय राज्याशी दुसरे परकीय राज्य लढत असता, त्या दुसऱ्या राज्याच्या भूसेनेत वा नौसेनेत जो ब्रिटिश प्रजाजन राजसत्तेच्या परवान्यावाचून चाकरी पत्करील, किंवा पत्करण्याचे मान्य करील, तो गुन्हेगार होय; मग ही गोष्ट त्याने ब्रिटिश मुलखात केलेली असो वा मुलखाबाहेर. त्याबद्दल दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

फौजदारी कायद्याच्या सामान्य रीतीशी हे कलम ताडून पाहिले असता त्याचे वेगळेपण ध्यानात येते. चोरी, दरोडा, मनुष्यवध या गुन्ह्यांच्या व्याख्येत कृत्याचे वर्णन असते आणि त्या वर्णनातच कृत्याच्या अनिष्टतेचे कारण सामावलेले असते. येथे तसे नाही. शस्त्र धरणे, माणसे मारणे, दुसऱ्याच्या भूमीवर जाऊन लढणे यांपैकी कशालाही कायदा दोष देत नाही. परवाना मिळाला की तेच कृत्य निर्दोष होते. दोन राज्यांमधले सख्य तुटले की तेच कृत्य प्रशंसनीयही होते. म्हणजे गुन्हा युद्ध करण्याचा नाही, परवान्यावाचून युद्ध करण्याचा आहे. कृत्याची योग्यायोग्यता कृत्यात न पाहता राज्याराज्यांच्या संबंधांत पाहावयाची, ही या कायद्याची पायाभूत दृष्टी होय.

तथापि याच कायद्यात अगदी भिन्न जातीची एक तरतूद आहे. पाचवे व सहावे कलम स्वतः लढावयास जाणाऱ्याविषयी असले तरी तेथेच थांबत नाही. दुसऱ्यास जाण्यास प्रवृत्त करणारा, आणि विशेषतः सेवेचे खोटे स्वरूप सांगून माणसाला जहाजावर चढविणारा, यांचाही विचार तेथे आहे. स्वयंसैनिक आणि फसवून नेणारा दलाल यांना एकाच कायद्याने एकाच छपराखाली आणले आहे. या दोन तरतुदींपैकी काळाच्या कसोटीस कोणती उतरली, आणि एकीच्या दुबळेपणामुळे दुसरीची हानी कशी झाली, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

अशा कायद्यांचा आधुनिक इतिहास अमेरिकेत सुरू होतो. १७९३ साली फ्रान्स व ब्रिटन यांच्या युद्धात वॉशिंग्टन यांनी तटस्थता जाहीर केली. गिडियन हेनफील्ड नावाचा अमेरिकन खलाशी एका फ्रेंच खाजगी युद्धनौकेवर चाकरीस राहिला म्हणून त्याच्यावर फिलाडेल्फिया येथे खटला भरण्यात आला. त्या वेळी असे कृत्य स्पष्टपणे निषिद्ध ठरविणारा कायदाच नव्हता. ज्यूरीने त्यास निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी, जून १७९४ मध्ये, काँग्रेसने तटस्थतेचा कायदा केला. या कायद्याचा भर स्थळावर होता : अमेरिकेच्या भूमीवर परकीय सेवेत भरती होणे वा करणे हा गुन्हा. सीमा ओलांडून परदेशी गेलेल्या मनुष्याने तेथे भरती व्हावे, हे या कायद्याच्या कक्षेत येत नव्हते. भरती होण्याच्या इच्छेने देश सोडणे हा स्वतःच गुन्हा नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये 'विबोर्ग' खटल्यात मान्य केले.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपली आणि हजारो सैनिक बेकार झाले. त्यांतील पुष्कळजण बोलिव्हारच्या बाजूने स्पेनविरुद्ध लढण्यासाठी दक्षिण अमेरिकेकडे निघाले. स्पेनने तक्रार केली आणि १८१९ मध्ये पहिला परकीय सैन्यभरतीचा कायदा पुढे आला. त्यास पार्लमेंटमध्ये विरोध करणाऱ्यांत सर जेम्स मॅकिंटॉश हे प्रमुख होते. मुंबईच्या वाचकास हे नाव परके नाही : १८०४ ते १८११ या काळात ते मुंबईचे रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश होते, आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीची स्थापना १८०४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने झाली. त्यांच्या आक्षेपाचा रोख असा होता की, हा कायदा नावाने तटस्थ असला तरी परिणामाने तसा नाही. ज्या युद्धात स्वयंसैनिक एकाच बाजूला मिळत आहेत, त्या युद्धात स्वयंसैनिकांना बंदी करणे म्हणजे दुसऱ्या बाजूस साहाय्य करणे होय. पुढे १८२३ मध्ये लॉर्ड अ‍ॅल्थॉर्प यांनी कायदा रद्द करण्याचा ठराव आणला असता कॅनिंग यांनी त्याचा बचाव केला आणि वॉशिंग्टनच्या काळातील अमेरिकन तटस्थतेचा दाखला दिला. परंतु अमेरिकेचा कायदा भूमीपुरता होता आणि इंग्लंडचा कायदा प्रजाजनाच्या पाठोपाठ जगभर जाणारा होता. दाखला देताना हा भेद मागे पडला.

मॅकिंटॉश यांच्या आक्षेपाचा प्रत्यय सोळा वर्षांतच आला. १८३५ मध्ये स्पेनमध्ये राणी इझाबेला दुसरी व डॉन कार्लोस यांच्या पक्षांत यादवी चालू होती. इंग्लंडला राणीचा पक्ष हवा होता. तेव्हा राजाज्ञेने १८१९ चा कायदा स्थगित करण्यात आला, आणि पार्लमेंटचे सभासद डी लेसी एव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दहा हजारांची 'ब्रिटिश लीजन' स्पेनमध्ये लढावयास गेली. कायदा मोडण्याची गरजच पडली नाही; परवान्याने तो बाजूस सारला गेला. ही गोष्ट नीट स्मरणात ठेवावयास हवी, कारण एका शतकानंतर त्याच देशात यादवी पेटली आणि त्या वेळी परवाना मिळाला नाही.

परवाना नसताना लोक काय करीत, याचेही एक उदाहरण मधल्या काळात मिळते. १८६० मध्ये गॅरिबाल्डीच्या मदतीस इंग्लंडमधून काही शे माणसे गेली. त्यांची जाहिरात सिसिली व नेपल्सच्या सहलीची होती आणि त्यांना 'सहलकरी' असे म्हटले जाई. शासनाने जाहिरातीकडे डोळेझाक केली. कायद्याच्या शब्दांना लोकांनी शब्दांनीच उत्तर दिले, आणि राज्याला इटलीचे ऐक्य नकोसे नव्हते म्हणून ते उत्तर चालून गेले.

१८७० चा कायदा आला तो मात्र माणसांमुळे नव्हे, जहाजांमुळे. अमेरिकेच्या यादवी युद्धात बर्कनहेड येथे बांधलेली 'अलाबामा' ही नौका १८६२ मध्ये दक्षिणेच्या बंडखोर संघराज्याच्या सेवेत गेली आणि तिने उत्तरेच्या व्यापारी जहाजांचा मोठा विध्वंस केला. अमेरिकेने भरपाई मागितली. अखेर १८७२ मध्ये जिनीव्हा येथील लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर देण्यास सांगितले. हा वाद चालू असतानाच नवा कायदा झाला. त्यातील जहाजबांधणीची, नौका सज्ज करण्याची आणि त्या अडकवून ठेवण्याची कलमे तपशीलवार व काळजीपूर्वक रचलेली आहेत. माणसांविषयीची कलमे जुन्या कायद्यातून थोड्याफार फेरफाराने उचललेली दिसतात. लाकूड आणि लोखंड यांच्यासाठी योजलेल्या चौकटीत मनुष्याचा विवेक बसविण्याचा हा प्रयत्न होता. तो कोठे अपुरा पडला हे व्याख्यांच्या कलमावरून कळते.

३

कायद्याच्या तिसाव्या कलमात 'लष्करी सेवा' या शब्दांची व्याप्ती सांगितली आहे. लष्करी तारायंत्राचे काम आणि लष्करी कारवाईत किंवा तिच्या संबंधात असलेली अन्य कोणतीही नोकरी तीत येते. शस्त्र धरणे ही अट नाही. आता ही व्याख्या एका परिचित चरित्राला लावून पाहावी.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यात होते. पुढे डॉ. कोटणीस आठव्या मार्ग सेनेत सामील झाले, आघाडीलगतच्या रुग्णालयांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढल्यामुळे हे चरित्र घरोघरी माहीत झाले.

१९३८ पासून १९४१ च्या डिसेंबरपर्यंत चीन व जपान यांचे युद्ध चालू होते आणि ब्रिटनचे या दोन्ही राज्यांशी सख्य होते. हिंदी मनुष्य कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश प्रजाजन होता, आणि हा कायदा साम्राज्याच्या सर्व मुलखांना लागू होता. तेव्हा चौथे कलम आणि तिसावे कलम शब्दशः एकत्र वाचली, तर चिनी सैन्याच्या रुग्णालयात जखमांना टाके घालणारा डॉक्टर दोन वर्षांच्या कैदेस पात्र ठरण्याचा संभव होता. ८ डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटनने जपानविरुद्ध युद्ध पुकारले. त्या दिवसापासून तेच टेबल, तीच शस्त्रे, तेच जखमी, परंतु गुन्ह्याचा संभव नाहीसा झाला. त्यांच्यावर कोणी खटला भरला नाही, भरण्याचे कोणाच्या मनातही आले नसावे. तरी व्याख्या कोणत्या टोकापर्यंत जाऊ शकते, आणि तिच्या कक्षेत काय येते याचा कृत्याच्या स्वरूपाशी किती थोडा संबंध आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात कूत येथे जे ब्रिटिश-हिंदी सैन्य शरण गेले, त्यात मराठा पलटणीही होत्या. तुर्कांशी असलेले ते वैर मावळातल्या किंवा कोकणातल्या शेतकऱ्याचे नव्हते. परंतु ते युद्ध 'परकीय' नव्हते, कारण ते राजाचे होते. ज्या तत्त्वाने एका मराठी माणसाला तैग्रिसच्या काठी पाठविताना त्याचे मत विचारले नाही, त्याच तत्त्वाने दुसऱ्या मराठी माणसाने आपल्या मताने उत्तर चीनमध्ये जाणे गुन्ह्याच्या परिघात ठेवले.

'परकीय राज्य' या शब्दांची व्याख्याही अशीच विस्तृत आहे. एखाद्या प्रदेशात राज्यकारभाराचे अधिकार चालविणारी, किंवा ते चालविण्याचा आव आणणारी, कोणतीही व्यक्ती वा व्यक्तिसमूह तीत मोडतो. यादवी युद्धे कायद्याखाली आणण्यासाठी ही योजना होती. तिची खरी परीक्षा १९३७ मध्ये झाली. स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढण्यासाठी ब्रिटनमधून माणसे जाऊ लागली, तेव्हा त्या वर्षीच्या जानेवारीत शासनाने जाहीर केले की १८७० चा कायदा या युद्धास लागू आहे. परंतु लागू करावयाचा तर न्यायालयात काय सिद्ध करावे लागले असते? प्रजासत्ताक हे एक 'राज्य' ठीकच. पण ते ज्याच्याशी लढत आहे तेही 'राज्य' असून त्याच्याशी ब्रिटनचे सख्य आहे, हेही सिद्ध करावे लागले असते. ब्रिटनने फ्रँकोच्या पक्षाला सरकार म्हणून मान्यता दिली ती फेब्रुवारी १९३९ मध्ये. म्हणजे राजनीतीत जे स्थान बंडखोरांना देण्याचे शासन टाळीत होते, तेच स्थान स्वतःच्या नागरिकांना शिक्षा करण्यासाठी न्यायालयात त्यांना द्यावे लागले असते. ही अडचण शासनाच्या कायदेपंडितांना दिसत नव्हती असे नाही. सुमारे अडीच हजार माणसे ब्रिटन व आयर्लंडमधून गेली, पाचशेहून अधिक तेथे मेली, आणि त्यांपैकी एकावरही या कायद्याखाली खटला झाला नाही.

मात्र खटला झाला नाही म्हणून कायदा निरुपद्रवी होता असे समजणे चुकीचे ठरेल. पॅरिसला जाण्यासाठी आठवडाअखेरचे परतीचे तिकीट काढले की पारपत्र लागत नसे. स्वयंसैनिक ते तिकीट काढीत, आणि पुढे पिरेनीज पर्वत रात्री पायी ओलांडीत. १८६० चे 'सहलकरी' पुन्हा अवतरले होते. फरक इतकाच की या वेळी राज्याची डोळेझाक नव्हती. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे याच मार्गाच्या प्रवाशांपैकी होत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह असलेले हे गृहस्थ लंडनला गेले असता विचाराने पालटले, आणि 'जॉन स्मिथ' या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या बंदिशाळेत राहिले, आणि त्याच वर्षी सुटून भारतात परतले. एका साम्राज्याच्या प्रजाजनाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढावयास जावे आणि त्यासाठी त्यास इंग्रजी नाव धारण करावे लागावे, यातली विसंगती कायद्याच्या कोणत्याही कलमात मावणारी नव्हती.

४

चौथ्या कलमाचा बचाव करता येत नाही असे नाही. आणि तो बचाव प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. युद्ध आणि शांतता यांचा निर्णय संपूर्ण समाजाच्या वतीने व्हावयास हवा. दहा धाडसी माणसांनी सीमेपलीकडे जाऊन युद्ध छेडले तर त्याचा सूड घरी राहिलेल्या लाखोंना भोगावा लागेल. १८९५ च्या डिसेंबरअखेरीस डॉ. जेमसन यांनी ट्रान्सवालवर जो छापा घातला तो याचे उदाहरण होय. त्या प्रकरणी १८९६ मध्ये याच कायद्याखाली त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली. परंतु हे शासन चौथ्या कलमाखालचे नव्हते. मित्रराज्याविरुद्ध मोहीम सज्ज करण्यास मनाई करणारे अकरावे कलम त्यास लागू झाले. मोहीम उभारणे हे कृत्य आहे, ते देशाच्या भूमीवरून होते आणि त्याने देश गुंततो. तेथे कायद्याला भक्कम आधार आहे. एकट्या मनुष्याने सीमा ओलांडून दुसऱ्याच्या सैन्यात नाव घालणे यास हा आधार पुरत नाही.

हा भेद आंतरराष्ट्रीय कायद्यानेच केलेला आहे. १९०७ च्या हेग येथील पाचव्या कराराच्या चौथ्या कलमानुसार तटस्थ राष्ट्राच्या भूमीवर लढाऊ पथके उभारता येत नाहीत आणि भरतीच्या कचेऱ्या उघडता येत नाहीत. त्याच कराराचे सहावे कलम सांगते की, माणसे एकेकटी सीमा ओलांडून एखाद्या पक्षाच्या सेवेस गेली तर त्याची जबाबदारी तटस्थ राष्ट्रावर येत नाही. म्हणजे तटस्थतेच्या धर्मात स्वयंसैनिकाला शिक्षा करण्याचे कर्तव्य अंतर्भूत नाही. राज्य ती शिक्षा करते ती परराष्ट्राच्या हक्कासाठी नव्हे. प्रजाजनाच्या देहावर स्वतःचा हक्क सांगण्यासाठी करते.

हा हक्क ज्या देशाने सर्वांत कठोरपणे बजावला तो स्वित्झर्लंड. तेथील लष्करी दंडसंहितेच्या ९४ व्या कलमाखाली परकीय सैन्यात सेवा करणे हा गुन्हा आहे. स्पेनमध्ये लढलेल्या सुमारे आठशे स्विस नागरिकांपैकी चारशेहून अधिकांना परतल्यावर लष्करी न्यायालयांनी शिक्षा दिल्या. सत्तर वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच देशाच्या संसदेने कायदा करून त्या सर्वांना निष्कलंक ठरविले. त्या वेळी त्यांपैकी अगदी थोडे हयात होते. राज्याने दिलेला निकाल राज्यालाच मागे घ्यावा लागला. मात्र ९४ वे कलम त्याने मागे घेतले नाही.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा साधकबाधक विचार झाला तो १९७६ मध्ये. अंगोलाच्या यादवीत पैशासाठी लढावयास गेलेल्या ब्रिटिश भाडोत्री सैनिकांचे प्रकरण गाजले. लुआंडा येथे त्यांतील काहींवर खटला होऊन देहान्ताच्या शिक्षा झाल्या. लॉर्ड डिप्लॉक यांच्या समितीने १८७० च्या कायद्यातील भरतीविषयक भाग निरुपयोगी ठरविला. परदेशात जाऊन सैन्यात दाखल होण्याच्या कृत्याला गुन्हा मानू नये आणि देशातील भरतीच्या व्यवहारावर नियंत्रण आणावे, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. या शिफारशींना कायद्याचे रूप मिळाले नाही. परिणामी, २७ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये लढावयास जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना आपला पाठिंबा राहील असे परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांनी म्हटले, तेव्हा १८७० च्याच कायद्याची आठवण करून देण्याची वेळ आली. आणि थोड्याच दिवसांत शासनातील इतरांनी नागरिकांना जाण्यापासून परावृत्त करण्याची भूमिका घेतली. १८३५ मध्ये परवाना निदान उघड हुकुमाने दिला गेला होता. मंत्र्याच्या एका मुलाखतीतून परवाना मिळतो की नाही, हे कळण्याची सोय नागरिकास नाही. जो कायदा वापरला जात नाही आणि रद्दही होत नाही, तो शासनाच्या हाती केवळ एक इशारा म्हणून उरतो; आणि इशारा कोणास द्यावयाचा हे ज्या त्या वेळच्या मर्जीवर अवलंबून राहते.

यावर असा आक्षेप येईल की, आजचा प्रश्न स्पेनचा राहिलेला नसून दहशतवादी संघटनांत सामील होणाऱ्यांचा आहे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २१७८ क्रमांकाचा ठराव करून सभासद राष्ट्रांना अशा प्रवासास गुन्हा ठरविण्यास सांगितले, हे खरे. परंतु या आक्षेपाने मूळ मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो. त्या ठरावात गुन्ह्याचे वर्णन दहशतवादी कृत्याच्या हेतूने केलेले आहे. राज्याराज्यांच्या सख्याने केलेले नाही. नागरिकांवर शस्त्र चालविणारा मनुष्य परवाना घेऊन गेला म्हणून निर्दोष ठरत नाही. 'दहशत' या शब्दाची व्याप्ती राज्ये आपापल्या सोयीने वाढवितात ही भीती खरी आहे. तरी तेथे वाद कृत्याविषयी करता येतो. परवान्याच्या कायद्यात तो करताच येत नाही.

५

आता दुसऱ्या, दुर्लक्षित तरतुदीकडे वळणे प्राप्त आहे. १८७० नंतर चारच वर्षांनी हिंदुस्थानात 'फॉरिन रिक्रूटिंग अ‍ॅक्ट' म्हणजे १८७४ चा चौथा कायदा झाला. परकीय राज्याच्या सेवेसाठी हिंदुस्थानात होणाऱ्या भरतीवर शासनाने बंदी घालावी किंवा अटी लादाव्या, असा अधिकार त्याने दिला. साम्राज्याचे हित हाच त्याचा हेतू होता यात शंका नाही. परंतु त्याच्या रचनेत एक गोष्ट लक्षणीय आहे : त्याचा रोख भरती होणाऱ्यावर नसून भरती करणाऱ्यावर आहे. इंग्रजी कायद्याने जे दोन गुन्हे एकत्र केले होते, त्यांपैकी एकच या छोट्या कायद्याने घेतला, आणि तो अधिक योग्य असा घेतला.

भारतीय दंडसंहितेचे १२५ वे कलम मात्र जुन्या दृष्टीचेच होते. शासनाशी मैत्री वा सख्य असलेल्या 'आशियाई सत्ते'विरुद्ध युद्ध करणे ते दंडनीय ठरवीत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५३ व्या कलमात 'आशियाई सत्ता' जाऊन 'परकीय राज्य' आले. एकोणिसाव्या शतकातील साम्राज्याच्या शेजाऱ्यांची चिंता त्यामुळे पुसली गेली. परंतु सख्याची कसोटी तीच राहिली.

ज्या महिन्यांत ही शब्दांची अदलाबदल होत होती, त्याच सुमारास एक वेगळे वास्तव उघडकीस आले. रशियात मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना नेण्यात आले, आणि तेथे पोहोचल्यावर त्यांना युक्रेनच्या आघाडीवर पाठविण्यात आले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने मानवी व्यापाराचा गुन्हा नोंदवून मुंबईसह अनेक शहरांत झडत्या घेतल्या. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीप्रमाणे अशा १२६ भारतीयांची प्रकरणे पुढे आली होती. त्यांपैकी ९६ परतले होते, १२ मृत्यू पावले होते आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता.

या माणसांना चौथ्या कलमाच्या चष्म्यातून पाहिले तर ती अपराधी दिसतात : परवाना नसताना, ज्याच्याशी भारताचे वैर नाही अशा राज्याविरुद्ध, परकीय सैन्यात त्यांनी करारावर सही केलेली आहे. सहाव्या कलमाच्या चष्म्यातून पाहिले तर तीच माणसे पीडित दिसतात : सेवेचे खोटे स्वरूप सांगून त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. शासनाने त्यांना पीडितच मानले आणि सोडवून आणण्याचा यत्न केला, ही योग्य गोष्ट झाली. परंतु ती शासनाच्या भूमिकेमुळे झाली. कायद्याच्या स्पष्ट शब्दामुळे नव्हे. उद्या ज्या राज्याशी भारताचे संबंध तितके मैत्रीचे नाहीत अशा राज्याच्या सैन्यात कोणी असाच फसविला गेला, तर त्यास कोणत्या चष्म्यातून पाहिले जाईल, याची शाश्वती त्याच्या आईबापांना कोणते कलम देते? घरच्या कर्जासाठी दलालाला पैसे भरून गेलेल्या मुलाला परतल्यावर आपल्याच देशात आरोपी व्हावे लागेल ही भीती असेल, तर तो दूतावासाच्या दारापर्यंत येण्यासही कचरेल. दोन गुन्हे एकत्र ठेवल्याने होणारी खरी हानी ही होय. स्वयंसैनिकाला धाक घालणारे कलम त्याला अडवीत नाही, परंतु फसविलेल्याचे तोंड मात्र बंद करते.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. नागरिकाने वाटेल त्या युद्धात जावे असा तो नाही. देशाच्या भूमीवरून मोहीम उभारणे, भरतीची दुकाने चालविणे, खोटे सांगून माणसे नेणे हे गुन्हे आहेत व ते कठोरपणे गुन्हेच राहावेत. युद्धात नागरिकांची हत्या करणारा, मग तो कोणत्याही ध्वजाखाली असो, कृत्याबद्दल शिक्षेस पात्र आहे. यांखेरीज उरतो तो एकटा मनुष्य, जो परक्याच्या दुःखाला आपले मानून जातो किंवा जाताना चुकतो. त्याचा न्याय करावयाचा तर त्याने काय केले हे पाहून करावा. त्या वर्षी कोणाचे कोणाशी सख्य होते, हे पाहून केलेला न्याय पुढच्या पिढीस मागे घ्यावा लागतो. स्वित्झर्लंडने तो मागे घेतला तेव्हा ज्यांच्यासाठी घेतला त्यांपैकी बहुतेक जण राहिले नव्हते.